आभासी सोन्याची शेती आणि उत्पादन खर्चाचा प्रश्न : नफ्याच्या काही अंदाजांची चिकित्सा

प्रस्तावना

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांमध्ये राक्षस मारून, खाणी खणून किंवा वस्तू घडवून खेळाडूला खेळातले नाणे मिळते. हे नाणे मजुरीने मिळवायचे आणि ज्याच्याजवळ पैसा आहे पण वेळ नाही अशा दुसऱ्या खेळाडूला ते खऱ्या चलनात विकायचे, या व्यवसायाला 'गोल्ड फार्मिंग' हे नाव पडले. मराठीत त्याला 'सोन्याची शेती' म्हणता येईल. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'पासून आणि १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'पासून हा व्यवहार डोळ्यांत भरू लागला, आणि २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने त्याला कारखानदारीचे स्वरूप दिले. या शेतीत नफा किती, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे अर्थशास्त्रज्ञ, पत्रकार आणि कादंबरीकार आपापल्या परीने सोडवीत आले आहेत. त्यांच्या उत्तरांतील ठळक अंदाजांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही तपासणी पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातून करण्याला कारण आहे. मासिक हप्ता, ठेकेदार, पीसरेट आणि ओव्हरटाइम या शब्दांवर ज्या परिसरातील हजारो घरे चालतात, तेथील वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'खेळून पैसे मिळवा' हे वाक्य आज मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसते. त्याला त्या वाक्याचा हिशेब मांडता आला पाहिजे. दुसरे कारण असे की, शेतीचा नफा कसा मोजावा, या प्रश्नावरील महाराष्ट्रातील एक मोठा वाद याच चाकणला उभा राहिला. सोन्याच्या शेतीवर लिहिणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांना तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला मात्र तो विसरण्याचे कारण नाही.

चाकणची मोजपट्टी

बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून शरद जोशी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती आरंभली. या जमिनीला त्यांनी दिलेले 'अंगारमळा' हे नाव पुढे त्यांच्या आत्मपर लेखनाच्या ग्रंथालाही मिळाले. पिकामागचा खर्च आणि बाजारातून आलेली पट्टी यांचा मेळ त्यांनी घालून पाहिला आणि तो बसेना. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली, १९८० मध्ये चाकणच्या कांद्याचे आंदोलन झाले, आणि 'उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव' ही मागणी महाराष्ट्राच्या राजकारणात रुजली.

या मागणीचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची आहे ती तिच्यामागील हिशेबाची पद्धत. शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेला उत्पन्न म्हणण्याआधी रोप, लागण, खुरपणी, पाणी, काढणी, बारदान, वाहतूक, हमाली, तोलाई, आडत हे सर्व वजा झाले पाहिजे. शिवाय घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज हेही खर्चातच धरले पाहिजे. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या परिभाषेत प्रत्यक्ष रोखीचा खर्च, त्यात कौटुंबिक श्रम मिळवून होणारा खर्च आणि खंड व व्याजासह सर्वंकष खर्च अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नफ्यात दिसणारे पीक तिसऱ्या पायरीवर तोट्यात जाते, हे या परिसरातील जुन्या शेतकऱ्याला आकडेमोडीशिवायही समजते. माल विकून वर पदरचे पैसे भरावे लागले की त्याला तो 'उलटी पट्टी' म्हणतो. खुद्द हा शब्द म्हणजे एक पूर्ण लेखाशास्त्रीय संकल्पना आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या वर्कशॉपवाल्याची पद्धत याहून फार वेगळी नाही. जॉबवर्कचा भाव ठरविताना तो मशीनचा ताशी दर काढतो. त्यात वीज, भाडे, हप्ता, टूलची झीज, ऑपरेटरचा पगार येतो. पण अनुभवी माणूस एवढ्यावर थांबत नाही. सेटिंगला गेलेला वेळ, वीज नसल्याने बसून राहिलेला वेळ, आणि मोठ्या कंपनीकडून रिजेक्ट होऊन परत आलेला माल, हेही तो भावात धरतो. न धरणारा वर्कशॉपवाला वर्ष-दोन वर्षे कामात बुडालेला दिसतो आणि नंतर बँकेच्या नोटिशीत दिसतो.

या दोन्ही पद्धती एकत्र केल्या असता सोन्याच्या शेतीसाठी मोजपट्टी तयार होते. तिने पुढील अंदाज मोजले आहेत.

नॉराथचे ताशी उत्पन्न

पहिला आणि सर्वाधिक उद्धृत झालेला अंदाज एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा. 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नॉराथ नावाच्या काल्पनिक जगाची अर्थव्यवस्था त्यांनी २००१ च्या अखेरच्या आपल्या निबंधात मोजली. लिलावाच्या संकेतस्थळांवरील भाव आणि खेळाडूंची पाहणी यांच्या आधारे त्यांनी दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर काढले आणि नॉराथला रशिया व बल्गेरिया यांच्या मधोमध, जगातील ७७ व्या क्रमांकाचा श्रीमंत देश ठरविले. खेळाडूचे सरासरी ताशी उत्पन्न ३.४२ डॉलर निघाले. तत्कालीन विनिमय दराने हे सुमारे १६० रुपये होतात. त्या काळी चिंचवडमधील एखाद्या कंत्राटी कामगाराने हा आकडा वाचला असता तर त्याची झोप उडाली असती.

कॅस्ट्रोनोव्हांच्या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. खेळातील वस्तूला खरी किंमत असते आणि ती मोजता येते, हे त्यांनी अर्थशास्त्राला मान्य करायला लावले. परंतु ३.४२ हा आकडा नफ्याचा नाही. लिलावातील भाव आणि तेवढे मिळवायला लागणारा वेळ यांचा तो भागाकार आहे. त्यातून संगणक, जोडणी, खेळाची मासिक वर्गणी यांपैकी काहीही वजा झालेले नाही. चाकणच्या भाषेत सांगायचे तर ही पट्टीच्या वरच्या ओळीतील रक्कम आहे, खालच्या ओळीतील नव्हे.

यापेक्षाही गंभीर बाब अशी की, लिलावात येणारा माल एकूण मालाच्या तुलनेत थोडा होता. थोड्या मालाच्या भावाने सगळा माल गुणला की मोठी बेरीज तयार होते, परंतु सगळा माल बाजारात आला तर तो भाव राहणार नाही. एका शेतकऱ्याने फेब्रुवारीत कांद्याला मिळालेला चांगला भाव पाहून साऱ्या तालुक्याचे उत्पन्न त्या भावाने गुणावे, तसे हे आहे. कॅस्ट्रोनोव्हा यांचा हेतू राष्ट्रीय उत्पन्नाची तुलना करणे एवढाच होता, हे मान्य केले पाहिजे. दोष आहे तो त्यांचा आकडा पुढे मजुरीचा दर म्हणून वापरणाऱ्यांचा.

नानजिंगची पट्टी

ज्युलियन डिबेल या पत्रकाराने दोन वेगवेगळी कामे केली आणि वाचक बहुधा त्यांची गल्लत करतात. 'प्ले मनी' (२००६) या पुस्तकात त्यांनी 'अल्टिमा ऑनलाइन'मधील वस्तूंच्या व्यापारावर स्वतःचा चरितार्थ चालविण्याचा प्रयोग वर्णिला आहे. अखेरच्या महिन्यात त्यांना ३,९१७ डॉलर नफा झाला. पुस्तक वाचनीय आहे, हिशेबात प्रामाणिकही आहे. मात्र डिबेल त्यात मुख्यत्वे विकत घेतात आणि विकतात. तो नफा आडत्याचा आहे, पिकविणाऱ्याचा नाही. 'गोल्ड फार्मिंगमधून महिना चार हजार डॉलर' असा त्याचा दाखला देणे म्हणजे बाजार समितीतील गाळेवाल्याचे उत्पन्न शेतकऱ्याच्या नावावर टाकणे होय.

त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. जून २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक मासिकात त्यांनी चीनमधील नानजिंग येथील सोने पिकविणाऱ्या मजुरांवर दीर्घ लेख लिहिला. तेथील मजूर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये रात्रीचे बारा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करीत असे. महिन्यातून दोन-तीन रात्रींची सुटी. १०० नाण्यांमागे त्याला १० युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर मिळे, आणि त्याची मजुरी तासाला ३० सेंटच्या आसपास पडे. तीच १०० नाणी मालक ऑनलाइन विक्रेत्याला ३ डॉलरला किंवा थोड्या अधिकला विकी, आणि अमेरिकेतील वा युरोपातील अखेरच्या ग्राहकाला ती २० डॉलरपर्यंत पडत.

आजवर उपलब्ध असलेल्या साहित्यातील ही सर्वांत उपयुक्त पट्टी आहे, कारण तिच्यात साखळीचे तिन्ही दुवे एकाच मालासाठी दिलेले आहेत. डिबेल तिचा हिशेब पुढे नेत नाहीत. तो येथे नेऊन पाहू. ग्राहकाने दिलेल्या २० डॉलरपैकी मजुराकडे ६.२५ टक्के, मालकाकडे ढोबळ ८.७५ टक्के आणि विक्रेत्याकडे ८५ टक्के जातात. २० डॉलर ही वरची मर्यादा असल्याने विक्रेत्याचा वाटा प्रत्यक्षात काहीसा कमी असेल, पण चित्राची ठेवण बदलत नाही.

आता मालकाचे पाहू. ३० सेंट तासाप्रमाणे १०० नाण्यांना सुमारे चार तास दहा मिनिटे लागतात. बारा तासांच्या पाळीत २८८ नाणी होतात. मजुराला ३.६० डॉलर मिळतात, मालकाची विक्री ८.६४ डॉलरची होते आणि ५.०४ डॉलर त्याच्याकडे राहतात. एका संगणकावर दोन पाळ्या चालल्या तर दिवसाला दहा डॉलर. हा आकडा पाहून मालक श्रीमंत वाटू लागतो. परंतु या दहा डॉलरमधून जागेचे भाडे, वीज, जोडणी, खेळाचे शुल्क, संगणकाची झीज, देखरेख करणारा माणूस आणि मजुरांच्या राहण्या-जेवणाची सोय असेल तिचा खर्च भागवायचा आहे. तरीही खरी जोखीम यात अजून आलेलीच नाही.

ती जोखीम म्हणजे खाते बंद होणे. खेळाची कंपनी अशा विक्रीला मनाई करते आणि संशय आल्यास खाते कायमचे रद्द करते. त्यात साठविलेले सोने जाते आणि पात्र वाढविण्यासाठी घातलेले तासही जातात. वर्कशॉपच्या भाषेत हे रिजेक्शन आणि सेटिंग टाइम यांचे एकत्रित नुकसान आहे. उदाहरणादाखल असे धरू की, दहा रात्रींतील एका रात्रीचे सोने जप्त होते. दहा रात्रींची मालकाची शिल्लक ५०.४० डॉलरवरून ४१.७६ डॉलरवर येते, म्हणजे विक्रीतील दहा टक्के घट शिल्लकीत सतरा टक्क्यांची घट होऊन उतरते. मालकाने त्या रात्रीची मजुरीच दिली नाही तर त्याची घट दहा टक्क्यांवर थांबते, आणि उरलेला भार मजुराच्या अंगावर जातो. पीसरेटची खुबी ती हीच. 'जेवढा माल पास, तेवढा पैसा' हे वाक्य भोसरीतही ऐकू येते.

भावाचेही तसेच. घाऊक भाव ३ डॉलरवरून सव्वादोनवर आला, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी उतरला, तर मालकाची १०० नाण्यांमागची शिल्लक पावणेदोन डॉलरवरून एक डॉलरवर येते. ही घट त्रेचाळीस टक्के आहे. अशा वेळी मालक काय करील, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. तो पीसरेट कमी करील किंवा पाळी लांबवील.

या ठिकाणी 'फार्मिंग' या शब्दाविषयी थोडे थांबून बोलणे अवश्य आहे. नानजिंगचा मजूर शेतकरी नाही. त्याची जमीन नाही, अवजार त्याचे नाही, आणि पीक कोणाला विकायचे हेही तो ठरवीत नाही. तो बटाईदारही नाही, कारण बटाईत निदान पिकाच्या वाट्याचा करार असतो. आपल्याकडील सालगड्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे, आणि सालगड्याला निदान वर्षाचा शब्द मिळतो. इंग्रजी शब्दाने या मजुराला शेतकऱ्याची प्रतिष्ठा देऊ केली आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न नफ्याच्या प्रश्नात विरघळवून टाकला, असे म्हणावे लागते.

दोन जागतिक आकडे

नानजिंगच्या एका खोलीतून जगाच्या पातळीवर गेले की गोंधळ सुरू होतो. मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये या उद्योगाचा व्यापक आढावा प्रसिद्ध केला. ४ लाख मजूर, सरासरी महिना १४५ डॉलर मजुरी आणि ५० कोटी डॉलरचा जागतिक बाजार, असा त्यांचा अंदाज होता. बाजाराचा आकडा सहज दुपटीहून अधिक, म्हणजे १०० कोटींच्या वर असू शकेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, जागतिक बँकेच्या 'इन्फोडेव्ह' उपक्रमासाठी विली लेहडोनविर्ता व मिर्को एर्नक्विस्ट यांनी केलेल्या अहवालात २००९ या वर्षासाठी वेगळेच चित्र आले. सोने विकणे, दुसऱ्याचे पात्र वाढवून देणे अशा सेवांचा एकत्रित बाजार ३०० कोटी डॉलरचा, आणि त्यात काम करणारे सुमारे १ लाख.

एका वर्षाच्या अंतराने मजूर एक चतुर्थांश झाले आणि बाजार सहापट, असे घडलेले नाही. मोजण्याच्या कक्षा वेगळ्या आहेत. हीक्स यांनी आपले आकडे अंदाज असल्याचे स्वतःच वारंवार बजावले आहे, आणि त्यांच्या लेखनातील ही सावधगिरी प्रशंसनीय आहे. तथापि सावधगिरीची वाक्ये मागे राहतात आणि आकडे पुढे जातात, म्हणून आकड्यांची आपसातील संगती तपासणे आवश्यक ठरते.

४ लाख मजुरांना महिना १४५ डॉलर म्हणजे वर्षाची मजुरी ६९ कोटी ६० लाख डॉलर. बाजार ५० कोटींचा. मजुरीच बाजाराहून मोठी! म्हणजे जगातील सोन्याची सगळी शेती उलट्या पट्टीवर चालली होती, आणि मालक व विक्रेते पदरचे पैसे घालून ती चालवीत होते, असा निष्कर्ष निघतो. १०० कोटींचा बाजार धरला तर प्रत्येक मजुरामागे महिन्याला २०८ डॉलरची विक्री होते. मजुरी वजा जाता ६३ डॉलर उरतात आणि त्यातच मालक, घाऊक विक्रेता, किरकोळ विक्रेता व सगळा वरखर्च बसवायचा. डिबेल यांच्या पट्टीशी हे मुळीच जुळत नाही. मजुराचा वाटा ६.२५ टक्के धरून १४५ डॉलर मजुरीवरून मागे गेले तर मजुरामागे महिना २,३२० डॉलरची विक्री हवी, आणि ४ लाख मजुरांसाठी वर्षाचा बाजार १,११३ कोटी डॉलरच्या पुढे जातो. तीन आकड्यांपैकी निदान एक फार चुकलेला असला पाहिजे. बहुधा तो मजुरांच्या संख्येचा असावा.

असे म्हणण्यास आधार आहे. जागतिक बँकेच्या अहवालातील ३०० कोटी डॉलर १ लाख मजुरांत वाटले तर मजुरामागे महिना २,५०० डॉलरची विक्री येते. तिचे ६.२५ टक्के म्हणजे १५६ डॉलर. हीक्स यांच्या १४५ डॉलरच्या मजुरीशी हा आकडा आश्चर्यकारक रीतीने जवळ आहे. तीन वेगळ्या वाटांनी आलेले तीन आकडे येथे एकमेकांना आधार देतात. योगायोगाची शक्यता नाकारता येत नाही, कारण अहवालातील सेवांची व्याप्ती केवळ सोन्यापुरती नाही. तरीही मजुरी महिना दीडशे डॉलरच्या आसपास आणि मजुराचा वाटा शेकडा सहा-सातच्या आसपास, हे चित्र प्रस्तुत चर्चेत सर्वांत विश्वसनीय ठरते.

याच अहवालातील एक विधान मात्र तपासून घेण्याजोगे आहे. कॉफीच्या ७,००० कोटी डॉलरहून मोठ्या जागतिक बाजारातील केवळ ५५० कोटी डॉलर उत्पादक विकसनशील देशांच्या वाट्याला येतात, उलट खेळसेवांच्या बाजारातील बहुतांश पैसा उत्पादक देशांतच राहतो, अशी तुलना त्यात केलेली आहे. विकासाच्या अंगाने ही तुलना आकर्षक आहे. परंतु पैसा देशात राहणे आणि पिकविणाऱ्याच्या हातात राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शरद जोशी यांनी 'भारत' आणि 'इंडिया' अशी जी विभागणी मांडली, तिचा रोख नेमका याच गल्लतीवर होता. त्या विभागणीतील शेतमजुराच्या स्थानाविषयी त्यांच्यावर झालेली टीका मान्य करूनही एवढे स्वीकारावे लागते की, राष्ट्रीय सरासरी हा वाट्याच्या प्रश्नाला दिलेला उत्तराचा आभास असतो. नानजिंगचा किरकोळ विक्रेता चिनी असला म्हणून मजुराचे सव्वा डॉलर दोन डॉलर होत नाहीत.

मजुरी शून्यावर नेली तर काय होते, याचेही एक उदाहरण नोंदले गेले आहे. चीनमधील जिशी येथील श्रमछावणीत कैद्यांकडून रात्री सक्तीने सोने मिळवून घेतले जाई, असे वृत्त मे २०११ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने एका माजी कैद्याच्या हवाल्याने दिले. त्याच्या सांगण्यानुसार ३०० कैदी या कामाला जुंपलेले होते आणि अधिकाऱ्यांना त्यातून दिवसाला ५,००० ते ६,००० युआन मिळत असल्याचे त्याच्या कानावर आले होते. माणशी हे १७ ते २० युआन होतात. एका साक्षीवरचा हा आकडा असल्याने त्यावर इमारत उभारणे उचित नाही. पण माणशी इतक्या थोड्या पैशासाठीही ही सक्ती मालकाला परवडत होती, यावरून या व्यवसायातील नफ्याचा उगम कोठे आहे याचा अंदाज येतो.

धारावीतील कादंबरी

कॉरी डॉक्टरो यांची 'फॉर द विन' ही २०१० ची इंग्रजी कादंबरी किशोरांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली. या कारणाने अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले असावे. मराठी वाचकाने तसे करू नये, कारण तिच्या कथानकाचा एक मोठा भाग मुंबईतील धारावीत घडतो. तेथील माला ही किशोरवयीन मुलगी खेळातील युद्धकौशल्यामुळे 'जनरल रोबोटवाला' म्हणून ओळखली जाते. शेन्झेनमधील मॅथ्यू मालकाला सोडून स्वतंत्रपणे सोने पिकवू पाहतो. हे मजूर सिंगापूरमधील 'बिग सिस्टर नोर' हिच्या नेतृत्वाखाली 'वेब्ली' नावाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत एकत्र येतात.

मालाचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. ती मुळात सोने पिकवीत नाही. बॅनर्जी नावाचा माणूस तिच्या फौजेला पैसे देतो ते सोने पिकविणाऱ्या इतर मजुरांवर खेळात हल्ले करण्यासाठी. एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबाचे पीक लुटून घेण्याचा हा खर्च कोणत्याही आर्थिक अहवालात आलेला नाही, आणि तो कादंबरीत आला आहे. मॅथ्यूच्या भागात नफ्याचा अंदाज थेटच येतो. मालकाकडे पीसरेटवर काम करण्याऐवजी स्वतः विकले तर किती सुटेल, याचे गणित त्याने मांडलेले असते. ते गणित चुकलेले नसते. त्यात फक्त एक बाब धरलेली नसते, ती म्हणजे मालकाने पाठविलेले गुंड.

कादंबरीची मर्यादा अन्यत्र आहे. अशोक या अर्थशास्त्रज्ञ पात्राच्या आणि निवेदकाच्या मुखातून महागाई, सट्टा, वायदे यांवर लांबलचक व्याख्याने येतात. ती सुबोध आहेत, वर्गात वाचून दाखविण्याजोगीही आहेत. पण त्यांचा भर किमतीवर आहे, खर्चावर त्या मानाने कमी आहे. नाण्याचा भाव कसा फुगतो हे वाचकाला समजते, त्या नाण्यामागे घरातले काय गेले हे तितके भिडत नाही. गिरणी संपानंतरच्या गिरणगावातील एका घराचे जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आठवले की फरक लक्षात येतो. तेथे अर्थशास्त्राचे व्याख्यान नाही, आणि तरीही बंद पडलेल्या मजुरीचा हिशेब त्या एका खोलीत भांड्याकुंड्यांसह मांडलेला आहे. डॉक्टरो यांना धारावीत शिरता आले. तेथील स्वयंपाकघरापर्यंत मात्र ते क्वचितच पोहोचतात.

वेब्लींच्या संघटनेविषयीही एक प्रश्न राहतो. ज्या परिसरात १९८९ चा टेल्को कामगारांचा लढा झाला आणि २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील संप सुमारे ५० दिवस चालला, तेथील वाचकाला आंतरराष्ट्रीय एकजुटीचे कादंबरीतील यश फार सुलभ वाटेल. २०१३ च्या संपातील एक मागणी येथे आठवण्याजोगी आहे. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने मिळावेत, असे संघटनेचे म्हणणे होते. ती मान्य झाली नाही. मागणीचे औचित्य हा स्वतंत्र विषय आहे. पण कंपनीचा ताळेबंद प्रसिद्ध होत असल्यामुळेच कामगाराला अशी मागणी सुचू शकली. सोने पिकविणाऱ्या मजुरापुढे विक्रेत्याचा ताळेबंद कधीच येत नाही. १०० नाण्यांना दूरच्या ग्राहकाकडून काय आले, हे त्याला डिबेलसारख्या पत्रकाराकडून कळले तर कळते.

कंपनी हेच सरकार

वरील सर्व अंदाजांत एक समान त्रुटी आहे. ते खेळाच्या कंपनीला बाजाराबाहेरचा पंच समजतात. वास्तविक खेळात नाणे पाडणारी, ते नष्ट करणारी, राक्षसामागे किती सोने मिळावे हे ठरविणारी आणि खाते जप्त करणारी सत्ता एकच आहे. टाकसाळ, जकात आणि न्यायालय एका हाती असलेल्या राज्यात नफा हा परवानगीचा विषय होतो. सरकारी धोरणामुळे शेतमालाला मिळणाऱ्या कमी भावास शरद जोशी 'उणे सबसिडी' म्हणत. निर्यातबंदीचा हुकूम निघताच कांद्याचा भाव कोसळताना चाकणच्या बाजाराने अनेकदा पाहिला आहे. खेळातील नव्या आवृत्तीचे तसेच आहे. एका रात्रीत नियम बदलतात आणि काल दोनशे नाणी देणारी गुहा आज वीस देते.

एप्रिल २०१५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने स्वतःच 'टोकन' विकायला काढले. खेळाडू कंपनीला २० डॉलर देऊन टोकन घेई आणि ते दुसऱ्या खेळाडूस खेळातील सोन्याच्या मोबदल्यात विकी. अमेरिकेत पहिल्या दिवशी त्याचा भाव ३०,००० नाणी असा लावण्यात आला. २००७ मध्ये नानजिंगची १०० नाणी ग्राहकाला २० डॉलरपर्यंत पडत होती. आठ वर्षांत २० डॉलरला मिळणारी नाणी तीनशेपट झाली. या काळात तासाला मिळणारी नाणीही पुष्कळ वाढली, त्यामुळे मजुरी तीनशे पटींनी घसरली असा अर्थ काढणे चूक ठरेल. परंतु २००७ च्या भावाने पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता करून संगणक घेणाऱ्या मालकाचे काय झाले असेल, हे सहज कल्पिता येते. शिवाय ज्या ८५ टक्क्यांवर विक्रेता जगत होता, त्यावर आता कंपनीनेच दुकान मांडले होते.

यानंतरही हा व्यवसाय संपला नाही. चलन कोसळलेल्या व्हेनेझुएलात २०१७ नंतर अनेकांनी 'रूनस्केप' या जुन्या खेळातील सोने विकून घर चालविले. तेथे हा व्यवसाय परवडला तो सोन्याचा भाव वाढल्यामुळे नव्हे, तर डॉलरमधील दुसरी कोणतीही मजुरी मिळेनाशी झाल्यामुळे. नफ्याच्या तक्त्यात हा स्तंभ नसतो. पिकविणाऱ्याला पर्याय किती वाईट आहे, यावर भाव ठरतो.

चाकण-भोसरी परिसरातील महाविद्यालयांत या विषयावर विद्यार्थ्याने प्रकल्प करायचा झाल्यास त्याचा आरंभ जागतिक बाजाराच्या आकड्यापासून होऊ नये. एका खात्याचा, एका पाळीचा खर्चतक्ता आधी करावा. पात्र वाढविण्यात गेलेले तास सेटिंगच्या रकान्यात, रद्द झालेली खाती रिजेक्शनच्या रकान्यात, घरच्या संगणकाची झीज आणि घरच्या विजेचे बिल रोखीच्या खर्चात, आणि खेळणाऱ्याच्या स्वतःच्या तासांची किंमत, वसाहतीतील हेल्परला त्या दिवशी मिळणाऱ्या मजुरीच्या दराने, कौटुंबिक श्रमाच्या रकान्यात मांडावी. विक्रीचा भाव शेवटी लिहावा आणि तो ज्या तारखेचा असेल ती तारीख त्याच्यापुढे घालावी.